विषय: ३४ इंची रुंद मॉनिटर, ओलेड की आयपीएस? सवलत उद्या रात्री संपतेय

प्रेषक: पासिंगची ताई

नमस्कार मंडळी,
दोन्ही निवडून ठेवलेत, उद्या रात्री बाराच्या आत ठरवायचंय. दोन्ही ३४ इंच, वक्र, ३४४० बाय १४४०. एक क्यूडी-ओलेड (ओलेडचाच एक प्रकार), १७५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १७५ वेळा चित्र बदलतं. दुसरा आयपीएस (नेहमीचा एलसीडी पडदा), १४४ हर्ट्झ, पण त्याला यूएसबी-सी आहे, ९० वॉटचं, म्हणजे ऑफिसचा लॅपटॉप एकाच वायरवर चालतो आणि चार्जही होतो. दिवसा माझं काम आणि सध्या आपल्या मंडळाच्या अंकाची मुद्रितं (छपाईआधी तपासायची पानं), संध्याकाळी चिरंजीवांचे खेळ. टेबल तुम्ही पाहिलंय, कोजागिरीला मसाला दूध त्याच्यावरच होतं. टेबलाची खोली (मागेपुढे) ६० सेंटीमीटर. चिरंजीव ओलेडवर अडून बसलेत. ४९ इंची नको, आधीच सांगते.

प्रेषक: श्वाबिंगचे काका

४९ इंची का नको? ५१२० बाय १४४०, म्हणजे २७ इंचाचे दोन पडदे शेजारी शेजारी, मधे चौकट नाही. डावीकडे मेल, मधे एक्सेल, उजवीकडे मीटिंग. मी आता दुसऱ्या कशावर काम करू शकत नाही. रुंदी १२० सेंटीमीटर भरते एवढंच.

प्रेषक: गार्शिंगचा दादा

काका, ताईंनी नको म्हटलंय ना!
ताई, आधी एक सांगा, चिरंजीव पीसीवर खेळतात की पीएस५ (प्लेस्टेशन) वर? पीएस५ ला २१:९, म्हणजे या पडद्यांचा रुंद आकार, येतच नाही. चित्र मधल्या २५६० पिक्सेलमध्ये बसतं आणि दोन्ही बाजूंना ४४०-४४० पिक्सेल काळे राहतात. उंचीला ३४ इंची रुंद पडदा २७ इंची साध्या पडद्याएवढाच असतो, म्हणजे पीएस५ साठी तुम्ही २७ इंचीच घेतला असं धरा.
पीसी असेल तर ओलेडला तोड नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र विझतो, त्यामुळे काळा खरोखर काळा दिसतो आणि पळत्या चित्रामागे शेपूट राहत नाही. फक्त वायर डिस्प्लेपोर्टची लावा. एचडीएमआय २.० वर या रेझोल्यूशनला १०० हर्ट्झच्या आसपासच गाडी थांबते. ग्राफिक्स कार्डही बघून घ्या, २५६० बाय १४४० पेक्षा साधारण ३४ टक्के जास्त पिक्सेल ओढावे लागतात.

प्रेषक: मोसाखची वहिनी (अंक मांडणी)

दादा, खेळाचं तुम्ही सांगा, मुद्रितांचं मला सांगू द्या. ताई, ओलेड घेणार असाल तर मुद्रितं त्यावर वाचू नका, ही मांडणी गटाकडून कळकळीची विनंती.
साध्या पडद्यात प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा हे भाग उभ्या पट्ट्यांत एका ओळीत असतात. विंडोज अक्षरांच्या कडा गुळगुळीत करते ती तेच गृहीत धरून. क्यूडी-ओलेडमध्ये ते त्रिकोणात बसवलेले असतात. त्यामुळे आडव्या कडांना एका बाजूला हिरवट आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी झाक येते. इंग्रजी मजकुरात ती फारशी जाणवत नाही. आपल्याकडे प्रत्येक शब्दावर शिरोरेषा! नणंदेच्या घरी तसा पडदा आहे, त्यावर अंकाचं एक पान उघडून पाहिलं. सगळ्या ओळींवर रंगीत कड होती. त्याच रेषेच्या वर अनुस्वार आणि रफार असतात, आणि आपल्या चुका नेमक्या तिथेच राहतात. गेल्या वर्षी संपादकीयात काय राहिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रेषक: गार्शिंगचा दादा

वहिनी, झाक असते हे मान्य. पण अक्षरं १२५ टक्के केली की ती बरीच कमी जाणवते, आणि नंतरच्या पॅनेलमध्ये रचना सुधारली आहे. फक्त मुद्रितांसाठी ओलेड बाद करणं अन्याय आहे. मुद्रितं वर्षातून महिनाभर, खेळ रोज.

प्रेषक: श्वाबिंगचे काका

रोज वापर म्हणूनच म्हणतो, आठ तास खाली टास्कबार आणि वर ब्राउझरची पट्टी एकाच जागी राहिली तर ओलेडवर कायमचा डाग उमटू शकतो. घ्यायचाच तर टास्कबार लपता ठेवा. ४९ इंचीचा विचार अजूनही करावा असं वाटतं.

प्रेषक: आबा

महिनाभर काय, एक दिवस असला तरी मुद्रित कागदावरच तपासावं. पुण्याला छापखान्यात होतो तेव्हा ओल्या शाईचं मुद्रित हातात येई. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवायचं. पडद्यावर डोळा शब्दाचा आकार ओळखून पुढे जातो, काना-मात्रा बघत नाही. प्रिंटरचा कागद मी देतो.

प्रेषक: सूत्रसंचालन

सदस्यांना विनंती, खरेदीचे विषय ‘देवघेव’ यादीवर घ्यावेत. इथे अंकाचे आणि कार्यक्रमांचे मेल मागे पडतात.

प्रेषक: मोसाखची वहिनी (अंक मांडणी)

हा विषय अंकाचाच आहे. इथेच राहू द्या.
ताई, काहीही घेतलंत तरी दुकानात नको, ऑनलाइन मागवा. इथे जर्मनीत ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न देता परत करता येते, दुकानातली तशी करता येईलच असं नाही. खोका फोडलात तरी जपून ठेवा. आल्याबरोबर अंकाची पीडीएफ १०० टक्क्यांवर उघडा आणि ‘र्थ’, ‘र्‍या’, ‘ङ्क’ वाचून बघा.

प्रेषक: पासिंगची ताई

सगळ्यांचे आभार. चिरंजीव पीसीवरच खेळतात, पीएस५ धाकटीचा, तो दिवाणखान्यातल्या टीव्हीवरच राहील. दादांचं सगळं त्यांना वाचून दाखवलं, वहिनींचंही. मुद्रितं आणि ऑफिस मिळून पडद्यासमोर जास्त वेळ माझाच जातो, त्यामुळे आयपीएस घेतेय. १४४ हर्ट्झ त्यांना पुरेल. आबा, शेवटचं वाचन कागदावर, तुमच्याकडे शनिवारी येते.
आता अडचण स्टँडची. पाय इतका मागेपुढे आहे की ६० सेंटीमीटरच्या टेबलावर कीबोर्डला जागाच उरत नाही. गणपतीत प्रोजेक्टरच्या पडद्यासाठी कोणीतरी टेबलाला आवळायचा आर्म आणला होता. तो कोणाकडे आहे? मॉनिटरच्या पाठीला बसणारी १०० बाय १०० मिलिमीटरची भोकं हवीत, आणि ८ किलो पेलणारा हवा.

प्रेषक: श्वाबिंगचे काका

आर्म माझ्याकडे आहे. १० किलोपर्यंत चालतो. रविवारी आणून बसवून देतो, टेबलाच्या फळीची जाडी तेवढी मोजून कळवा.