'धोका' की 'जोखीम'?

मुक्ता : मनोरुग्णालयातल्या परिचारिकांसाठी मराठी पुस्तिका करते आहे. दाखल रुग्ण स्वतःला इजा करून घेईल किंवा कुणाच्या अंगावर जाईल, ही शक्यता कशी ओळखायची, तेव्हा काय करायचं, हा विषय. 'रिस्क'ला धोका लिहू की जोखीम? आणि 'सेल्फ-हार्म'ला आत्मघात चालेल?

शब्दवेडा : आत्मघात नको. वाचणारा थेट आत्महत्या समजेल, 'आत्मघाती' म्हटलं तर बॉम्बस्फोट. स्वतःला इजा करून घेणाऱ्या प्रत्येकाला मरायचंच असतं असं नाही. 'स्वतःला इजा करून घेणे' लांबलचक आहे, पण लिहा. धोक्यापेक्षा जोखीम बरी, जरा विम्याच्या कागदासारखी वाटली तरी.

रात्रपाळी : वॉर्डात आम्ही सरळ 'रिस्क'च म्हणतो. 'धोकादायक रुग्ण' मात्र कुठेही छापू नका. तो शिक्का एकदा बसला की माणूस शांत झाला तरी पुसत नाही. 'जोखीम : मध्यम' एवढंच वाचूनही मला पाळी घेताना काही कळत नाही. कशाने चिडतो, कुणाचं ऐकतो, आज घरचं कुणी आलं नाही म्हणून जेवला नाही, हे लिहा. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस (NICE) संस्थेने 2022 च्या मार्गदर्शिकेत स्वतःला इजा करून घेणाऱ्यांची कमी-मध्यम-जास्त अशी वर्गवारी करू नका, गुणांच्या तक्त्यांवरून भाकीत करू नका, असंच सांगितलंय.

वऱ्हाडी : एक भर. आमच्याकडे 'त्यानं औषध घेतलं' याचा अर्थ फवारणीचं विष घेतलं असाही होतो. परिचारिकेने 'औषध घेतलं होतं का?' विचारलं आणि बाई रडायला लागली, असं होऊ शकतं. 'डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या' म्हणा.

रात्रपाळी : अगदी! 'जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा विचार येतो का?' हेही तसंच. नातेवाइकांशी बोलताना ठीक, पण रुग्णाला मी 'जीव द्यावासा वाटतो का?' असंच विचारते. सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याच जणांना बोलायला वाट मिळते.

मुक्ता : आणि 'रिस्ट्रेंट'? पुस्तिकेच्या मसुद्यात 'शारीरिक प्रतिबंध' घेतलाय.

कलमबहाद्दर : 'बांधून किंवा धरून ठेवणे' लिहा. प्रतिबंध म्हटलं की लस टोचल्यासारखं वाटतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017, कलम 97 बघा : तात्काळ होऊ घातलेली इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, तेही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने, गरजेपेक्षा एक क्षण जास्त नाही. कारण, पद्धत, वेळ नोंदवायची. शिक्षा म्हणून नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. एकट्याला कोंडून ठेवायला तर पूर्ण मनाई. साखळदंडांना कलम 95 ची बंदी आहे. तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या आश्रमात 2001 च्या आगीत साखळीने बांधलेल्या रुग्णांना पळताही आलं नव्हतं.

शब्दवेडा : मग 'आवरणे'? मराठीत मुलाला, रागाला, रडण्याला, सगळ्यालाच आवरतात.

रात्रपाळी : तो शब्द आधीच्या पायरीला ठेवा. आवाज खाली आणणं, दोन हात लांब उभं राहणं, गर्दी हटवणं, 'पाणी हवंय का' विचारणं, हे आवरणं. दोन्हींना एकच शब्द दिलात तर नवी मुलगी पहिल्यांदा हातच धरेल.

मुक्ता : ठीक. 'आवरणे' आणि 'बांधून किंवा धरून ठेवणे' अशी दोन वेगळी प्रकरणं करते. 'ऑब्झर्वेशन'ला मात्र अजून अडले आहे. 'पहारा' तुरुंगातला वाटतो.

रात्रपाळी : 'सोबत'. आम्ही रुग्णाला तेच सांगतो, 'आज रात्री मी सोबतीला आहे.'