पत्रिकेत काय छापावं: वाद्यवृंद, साथ की लेहरा?

सातरस्ता: सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरातल्या नृत्याच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला द्यायची आहे. आधी कथक, मग भरतनाट्यम. वादकांच्या नावांवर सरसकट ‘वाद्यवृंद’ घातलं तर चालेल का? की ‘साथसंगत’ बरं?

काळी-एक: वाद्यवृंद नको ओ, तो सिनेगीतांच्या कार्यक्रमाला राहू द्या. कथकात तबल्यापुढे ‘साथ’ लिहा, पेटी किंवा सारंगीपुढे ‘लेहरा’. लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनात बसणारी आणि सतत फिरत राहणारी सुरावट. तीनतालात १६ मात्रांची. तबलजी नर्तिकेच्या पायांबरोबर जातो. लेहरेवाल्यानं कुणाच्याही मागे जायचं नसतं. म्हणून साथ ‘करतात’ आणि लेहरा ‘धरतात’.

धरतात म्हणजे काय ते तिहाईमध्ये, म्हणजे एकच ओळ तीनदा घेऊन समेवर येण्यात, कळतं. समेवरून (तालाच्या पहिल्या मात्रेवरून) उचललेली ५ मात्रांची ओळ तीनदा, मध्ये एकेक मात्रा विश्रांती: ५+१+५+१+५ = १७. ओळ ‘थेई’ या बोलावर संपते, त्यातला शेवटचा ‘थेई’ पुढच्या समेवर. पण दुसरा ‘थेई’ येतो ११व्या मात्रेवर, खालीच्या (टाळी न देता हात रिकामा दाखवायच्या) विभागात मधोमध. त्या वजनाला भुलून पेटीवाला हलला की पुढची सम चुकते आणि प्रेक्षकांना वाटतं, नर्तिकाच चुकली. हरकती-मुरक्या घेणाऱ्यांचंही तेच. सम झाकली जाते. लय वाढवायची तर पढंतीतून (नृत्याचे बोल तोंडानं म्हणण्यातून) मिळालेली नवी लय समेपासून उचलायची, आवर्तनाच्या मध्ये नाही.

सातरस्ता: लेहरा की लहरा? ‘नगमा’ही ऐकलंय.

काळी-एक: तिन्ही एकच. मराठी बोलण्यात लेहरा रुळलाय, तोच ठेवा. पढंत गुरू करणार असतील तर त्यांचं नाव वेगळं, ‘पढंत’ म्हणून. नर्तिका स्वतःच बोल म्हणणार असेल तर गरज नाही.

पूर्वभाग: भरतनाट्यमला यातलं काही लावू नका. तिथं पहिलं नाव नट्टुवांगमचं. एका हातात काशाचा टाळ, दुसऱ्या हातात पोलादी. त्यांच्या ठोक्यावर जती, म्हणजे नृत्याचे बोल, तोंडानं म्हणायच्या. हे करणारा तो नट्टुवनार. सगळा संच त्याच्या ठोक्यावर चालतो, म्हणून त्याला ‘साथीला’ म्हणणं चूक. पूर्वी तो आणि वादक नर्तकीच्या मागे उभे राहून वाजवायचे, आता बाजूला बसतात. नुसतं ‘टाळ’ही छापू नका, आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ‘ताळालु’ म्हटलं की भजनच आठवतं. त्याखाली गायन, मृदंगम (दक्षिणेकडचं तालवाद्य), व्हायोलिन किंवा बासरी.

वारीवाट: ‘मृदंगम’मधला म खाऊ नका हं. पंढरपूरच्या जिल्ह्यात ‘मृदंग’ वाचलं की लोक पखवाजच समजतात. प्रुफं तपासणारा हमखास ‘दुरुस्त’ करतो, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

सातरस्ता: पेटीवाल्याचं अजून नक्की नाही. अ‍ॅपवर लेहरा लावला तर?

काळी-एक: रियाझाला ठीक. रंगमंचावर नर्तिका तत्कारात (पायांच्या कामात) जराशी चढली तरी अ‍ॅप तिथंच राहतं. लावायचाच तर तबला ज्या पट्टीत लावलाय तीच पट्टी अ‍ॅपवर ठेवा, आवाज नर्तिकेच्या बाजूच्या स्पीकरला द्या, नाहीतर घुंगरांत बुडतो. आणि लय बदलायला ताल कळणारा माणूस बसवा, साउंडवाल्यावर सोडू नका. पत्रिकेत मग ‘ध्वनिमुद्रित लेहरा’ असं सरळ छापा.