मुलासाठी जादा मदत मागितली की शिक्षकांना तो आरोप का वाटतो?

मुक्ता:
मूल वाचताना अडतंय, वर्गाच्या मागे पडतंय, हे दिसल्यावर पालक शाळेत जातात. उत्तर मिळतं, "घरी सराव घ्या." पुढच्या भेटीतही तेच. पुन्हा विचारलं की आवाज चढतात आणि पालक "कटकटे" ठरतात. माझ्या मते, शिकवलेलं ज्याच्यापर्यंत पोचत नाही त्याला वेगळ्या पद्धतीने शिकवणं हे शिक्षकाचं कामच आहे, उपकार नाहीत. आणि ते शाळेच्या वेळेत व्हावं. ज्याचे आईवडील रात्रपाळी करतात किंवा स्वतः जेमतेम वाचतात, त्या मुलाने घरचा सराव कुणाकडून घ्यायचा? "मोठा झाला की येईल" हे तर ऐकवत नाही. वाचता येणारी मुलं जास्त वाचतात, त्यांचा शब्दसाठा वाढतो. न येणारी वाचन टाळतात आणि दरी रुंदावत जाते. वाचनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी हे १९८६ मध्येच मांडलंय.

फळा_खडू:
मी शिकवते, म्हणून लिहिते. पस्तीस मिनिटांचा तास, समोर चाळीस मुलं. एकेकाच्या वाट्याला मिनिटही येत नाही. त्यातली सहासात खूप मागे असतात, पण शाळेत येऊन बोलतात एखाद्याचेच पालक. मग माझा मोकळा वेळ मी त्यांच्या मुलाला द्यायचा, की ज्याच्यासाठी कुणीच आलं नाही त्याला? मुक्ता, मदत द्यायला माझी ना नाही, पण मागणाऱ्याला आधी हे मला पटत नाही.
आणखी एक. घरून वही येते ती सुबक, उत्तरं बिनचूक. तोच धडा वर्गात वाचायला दिला की मूल गप्प. घरी कुणीतरी सांगून लिहून घेतलेलं असतं. त्या वहीतून मूल कुठे अडतं ते मला कसं कळणार? चुका तशाच राहू द्या हो, मला त्याच बघायच्या असतात.

चौथा_बाक:
वहीचं पटलं. पण शाळेची "जादा मदत" कशी असते तेही सांगतो. माझ्या मुलीला खेळाच्या तासाला वर्गात बसवून शुद्धलेखन घेतलं. धावण्यात ती पहिली असते. वर्गात मान वर करून बसायला तिला तेवढाच आधार होता. तोच तास काढून घेतला. बाकीची मुलं मैदानावर आणि ही आत, म्हणजे तिच्या लेखी ती शिक्षाच. ही मदत नको म्हटलं, तर "पालक सहकार्य करत नाहीत" असा शेरा आला.

पानोपानी:
मग सरळ शिकवणी लावा. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ चा लेख प्रसिद्ध आहे: एकेकट्याला शिकवलं तेव्हा सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला. वर्गात हे कधीच होणार नाही.

स्वरव्यंजन:
पानोपानी, त्या लेखातले प्रयोग काही आठवड्यांचे होते, आणि दर टप्प्याला चाचणी घेऊन चूक दुरुस्त केल्याशिवाय पुढे जायचं नाही हा त्यांचा गाभा होता. पुढच्या अभ्यासांत इतका मोठा फरक दिसलेला नाही. नुसतं "एकट्याला बसवलं" याने काही साधत नाही.
वाचनात अडणाऱ्या मुलांबरोबर काम करते, म्हणून सांगते: कुणाच्या वेळात शिकवायचं यावर तुम्ही भांडताय, पण त्या वेळात काय घेतलं जातं? तोच उतारा दहादा लिहून घेणं ही मदत नव्हे. आधी डोळे आणि कान तपासा. मग "कमळ मधला क काढला तर काय राहिलं?" असं तोंडी विचारून बघा. डिस्लेक्सिया असलेल्या बऱ्याच मुलांना इथेच थांबायला होतं, कारण अडचण ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्यात असते. बुद्धीशी तिचा संबंध नाही. त्यांना आवाज, अक्षर, काना-वेलांटी, जोडाक्षर अशा क्रमाने, थोडं थोडं, रोज शिकवावं लागतं. परीक्षेत जादा वेळ मिळणं वेगळं. त्याने येत असलेलं दाखवता येतं, वाचायला शिकता येत नाही.

फळा_खडू:
हे रोज करायचं तर त्यासाठी प्रशिक्षित माणूस हवा. पालक भांडतात माझ्याशी, आणि नेमणूक असते व्यवस्थापनाच्या हातात. चौथा_बाक, खेळाचा तास घेणं चूकच. पण दुसरा कुठला तास देऊ? गणिताचा?

चौथा_बाक:
भाषेचाच द्या. जो धडा तिला वाचताच येत नाही, तो इतरांबरोबर ऐकत बसण्यापेक्षा त्या वेळात तिच्या पायरीचं शिकवा.

मुक्ता:
हे मला पटतं. आणि ते एका कागदावर लिहा: कुठे अडतंय, कोण शिकवणार, कोणत्या तासाला, पुन्हा कधी तपासायचं. तोंडी आश्वासन पुढच्या वर्षी नव्या शिक्षकांपर्यंत पोचत नाही.

फळा_खडू:
लिहून देईन. पण त्या कागदावर मुख्याध्यापकांचीही सही हवी. माणूस न देता फक्त माझ्या सहीवर हे होणार असेल, तर मी सही करणार नाही.