मदत हवी आहे: वेलिंग्टनचं कोरीव छापचित्र, तांब्याचं की पोलादाचं?

नमस्कार मंडळी. जुन्या बाजारात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं कोरीव छापचित्र (धातूची प्लेट कोरून तिच्यावरून कागदावर छापलेलं चित्र) मिळालं. हाच १८०३ मध्ये आपल्या जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली, म्हणून मोह आवरला नाही! खाली डावीकडे 'लॉरेन्स पिंक्स्ट', म्हणजे मूळ चित्र लॉरेन्स या चित्रकाराने रंगवलेलं. उजवीकडे 'स्कल्प्ट'च्या (म्हणजे 'कोरलं') आधीचं खोदकाराचं नाव मात्र फाटलंय. साल नाही. 'ड्यूक' लिहिलंय म्हणजे १८१४ च्या आधीचं नक्की नाही, तेव्हाच त्याला तो किताब मिळाला.

भिंगातून चेहरा बारीक ठिपक्यांचा, कोट रेघांचा दिसतो. कडेने प्लेट दाबल्याचा खळगा आहे, पण तो नंतरच्या छपाईतही येतोच. तांब्याची प्लेट लवकर झिजते, पोलादाची १८२० नंतर रुळली, एवढं वाचलंय. पण नुसत्या छापावरून हे दोन ओळखायचे कसे? आणि जुन्या प्लेटवरून पुढे काढलेली प्रत असेल तर? कागद उजेडाला धरूनही पाणखूण (वॉटरमार्क) दिसत नाही.

शिवाय तपकिरी डाग पडलेत. दुकानदार म्हणाला, ब्लीचने धुवा. माझा हात धजत नाही. पुण्या-मुंबईत कागद जतन करणारं कुणी खात्रीचं माहीत आहे का?