सिम्पसन वाळवंटाच्या दारातून परत फिरलो: निर्णय बरोबर होता का?

मेलबर्नचा_दापोलीकर

नमस्कार मंडळी. गेल्या जुलैत मी, पत्नी, चौदा वर्षांचा मुलगा आणि दापोलीहून आलेली माझी आई असे चौघे आमची फोर-व्हील-ड्राइव्ह घेऊन सोळा दिवसांच्या प्रवासाला निघालो होतो. मेलबर्न, ॲडलेड, फ्लिंडर्स डोंगररांगा, मरी आणि तिथून ऊडनडाटा ट्रॅकने डॅलहाउसीचे झरे असा मार्ग होता, आणि पुढे सिम्पसन वाळवंट ओलांडून बर्ड्सव्हिलला उतरायचे असे ठरले होते. प्रत्यक्षात आम्ही डॅलहाउसीहूनच मागे वळलो. या गोष्टीला पाच महिने झाले, तरी ती मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

मरी ते मार्ला हा ऊडनडाटा ट्रॅक साधारण 620 किलोमीटरचा आहे आणि तो जुन्या ‘घान’ रेल्वेच्या कडेकडेने जातो. ही रेल्वे 1980 साली बंद झाली, पण तिचे पूल आणि मोडकी स्थानके अजून उभी आहेत. अल्जिबकिनाचा 587 मीटर लांबीचा लोखंडी पूल संध्याकाळच्या उन्हात पाहिला तेव्हा आई बराच वेळ काही बोललीच नाही. रस्ता मात्र पन्हळी पत्र्यासारखा होता. स्टिअरिंगवर हात ठेवला की कोपरापर्यंत मुंग्या येत. विल्यम क्रीकच्या पुढे गाडी मागून उसळू लागली, पण माझे दुर्लक्ष झाले. डॅलहाउसीला खाली वाकून पाहिले तर मागच्या डाव्या शॉकअपचे तेल गळून त्यावर तांबड्या धुळीचा जाड लगदा बसला होता. उरलेल्या तीन शॉकअपना हात लावला तर चटका बसत होता आणि हा एक मात्र जेमतेम कोमट होता.

दोन रात्री तिथेच काढल्या. सदतीस-अडतीस अंशांच्या त्या पाण्यात मासे पायाची बोटे कुरतडत असताना आई म्हणाली, “गरम पाण्यात बसायला एवढ्या लांब आणलंस होय रे? दापोलीचं उन्हवरं जवळ होतं की.” तिसऱ्या दिवशी ताशी तीसच्या वेगाने आम्ही ऊडनडाटाला परतलो आणि कूबर पिडीला शॉकअप बदलून घेतला. मुलाने ‘बिग रेड’ ही वाळूची टेकडी चढायची म्हणून भिंतीवर नकाशा लावला होता, तो त्याने घरी आल्याबरोबर काढून टाकला. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: शॉकअप कशामुळे गेला, आणि आम्ही परत फिरलो ते योग्य होते का?

गॅरेजवाले_काका

परत फिरलात ते योग्यच केलेत. शॉकअपचे काम म्हणजे स्प्रिंगच्या हेलकाव्याचे उष्णतेत रूपांतर करणे. पन्हळी रस्त्यावर हे काम सेकंदाला कित्येक वेळा होते, त्यामुळे आतले तेल तापते, त्यात फेस होतो, दाब धरेनासा होतो आणि शेवटी सील जाते. काम करणारा शॉकअप तापतो. थंड राहिलेला शॉकअप काम करत नसतो. तुमच्या हाताने केलेली परीक्षा अगदी बरोबर होती, फक्त ती चारशे किलोमीटर आधी, मरीहून निघाल्यावर पहिल्या विश्रांतीलाच करायला हवी होती.

आता मला सांगा, टायरमध्ये हवा किती होती? डांबरी रस्त्याची हवा तशीच ठेवून लोक अशा रस्त्यावर उतरतात आणि मग गाडीला बोल लावतात. भरलेल्या गाडीला खडीच्या रस्त्यावर 28 ते 30 आणि वाळूत 18 पीएसआयच्या आसपास हवा पुरते. टायर मऊ असला की पहिला धक्का तो खातो आणि शॉकअपच्या वाट्याला कमी येतो. हवा कमी केली की वेगही कमी ठेवावा लागतो, नाही तर टायरच्या कडा तापून फुटतात. ताशी ऐंशीने गेले की गाडी उंचवट्यांवरून तरंगत जाते असे सांगणारे पुष्कळ भेटतील. तरंगणारी गाडी वळणावर धरून ठेवता येत नाही, हे मात्र ते सांगत नाहीत.

वाळूवेडा

काकांच्या तांत्रिक भागाशी मी सहमत आहे, निर्णयाच्या बाबतीत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. डॅलहाउसीपासून माउंट डेअर हा थांबा सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे आणि तिथे दुरुस्तीची सोय आहे. आधी तिथे चौकशी करून मग मागे फिरला असता, तर आज ही रुखरुख राहिली नसती.

माझ्या मते खरी अडचण शॉकअपची नव्हतीच. तुम्ही एकच गाडी घेऊन निघाला होता. पुढे बर्ड्सव्हिलपर्यंत पाचशे किलोमीटर इंधन नाही आणि एकामागून एक अशा अकराशेच्या आसपास वाळूच्या रांगा आहेत. त्यांची पूर्वेकडची बाजू जास्त उभी असते, म्हणून पश्चिमेकडून जाणाऱ्याला चढ सोपा असतो. पण एकदा तो उभा उतार उतरलात की बिघडलेली गाडी घेऊन माघारी चढणे फार कठीण. मधून गाडी ओढून आणायची तर हजारो डॉलरचा खर्च. त्यामुळे आईंचे वय हे कारण पुढे करू नका. तरणाबांड ड्रायव्हर एकटा असता, तरी एका गाडीने आणि गळक्या शॉकअपने त्याने जाऊ नये.

पर्थची_लेक

दादा, सामानाबद्दल कोणीच विचारले नाही, म्हणून मी विचारते. आम्ही दोन गाड्यांनी सिम्पसन ओलांडले तेव्हा निघण्याआधी गाडी वजनकाट्यावर नेली आणि आकडा पाहून मी थक्क झाले. कुकर, दहा किलो तांदूळ, पिठाचा डबा, लोणच्याच्या काचेच्या बरण्या; आपली माणसे वाळवंटात नव्हे, बिऱ्हाड हलवायला निघाल्यासारखी निघतात. पाण्यात मात्र मी कपात केली नाही. पीठ अर्धे केले, बरण्या घरी ठेवल्या आणि टपावरचे दुसरे चाक आत आडवे टाकले, तेव्हा कुठे मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवरचा भार कमी झाला.

मेलबर्नचा_दापोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. काका, टायरमध्ये 38 पीएसआय हवा होती आणि ती मी डॅलहाउसीपर्यंत एकदाही कमी केली नाही, हे कबूल करतो. ताईंचे वाचून काल तेवढेच सामान पुन्हा भरले आणि गाडी वजनकाट्यावर नेली. मागच्या आसावर मर्यादेपेक्षा 110 किलो जास्त निघाले. टपावर दोन जेरीकॅन होते, ते वेगळेच. माउंट डेअरला विचारायला हवे होते, हेही मान्य आहे.

वाळवंटाचे उद्यान 1 डिसेंबर ते 15 मार्च बंद असते, त्यामुळे सध्या घाई नाही. टेकडीपलीकडून येणाऱ्याला गाडी दिसावी म्हणून तिच्यावर जमिनीपासून साडेतीन मीटर उंच लावावा लागणारा झेंडा मुलाने स्वतःहून मागवला आहे. नकाशा अजून भिंतीवर परत गेलेला नाही. येत्या जुलैत ज्यांना दुसरी गाडी घेऊन सोबत यायचे असेल, त्यांनी कृपया इथेच कळवावे.