मदत हवी आहे: ओओकुवागाताच्या नर अळ्यांची बाटली आता बदलावी का?

मी जपानमध्ये ओओकुवागाता या स्टॅग बीटलच्या (नराला मोठे, शिंगांसारखे जबडे असलेल्या भुंग्याच्या) अळ्या, धिंगरी अळिंबीचे कवकजाल वाढवलेल्या लाकडी भुशाच्या ८०० मिलिलिटरच्या बाटल्यांत, २३ अंश सेल्सिअसच्या आसपास वाढवीत आहे. नर अळ्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत आहेत. वजन २० ग्रॅमच्या पुढे जाऊन थांबले आहे आणि अंगावर पिवळसर छटा येऊ लागली आहे. निम्मा भुसा खाऊन झाला असून उरलेल्यावर अळिंबी उगवते. ती काढून टाकली, तापमान दोन अंशांनी उतरवले, तरी वजनात फरक नाही.

सायक्लोमॅटस मेटॅलिफर या दुसऱ्या स्टॅग बीटलच्या जातीवरील प्रयोगांनुसार नराच्या जबड्यांची वाढ कोषपूर्व अवस्थेतील ज्युव्हेनाइल हॉर्मोनवर (कीटकांच्या वाढीचे नियमन करणाऱ्या संप्रेरकावर) अवलंबून असते आणि मोठ्या अळ्यांत त्याचे प्रमाण अधिक असते. म्हणूनच शेवटचे दोन-तीन ग्रॅमही मला महत्त्वाचे वाटतात. हॉर्मोन बाहेरून देण्याचा मात्र माझा विचार नाही. तो प्रयोगशाळेचा विषय आहे.

नवी बाटली दिल्यास अळी पुन्हा खाऊ लागेल, की जागा बदलल्याने अस्वस्थ होऊन भुसा पोखरत फिरेल आणि आहे ते वजनही गमावेल? अळीने खाणे कायमचे थांबवले आहे, हे बाटली न उघडता कोणत्या खुणेवरून ओळखावे?