लायब्ररी सायन्समध्ये वाचनावर एक अख्खा पेपर हवा की नको?

पानखूण: लायब्ररी सायन्सचे बहुतेक सिलॅबस बघा, क्लासिफिकेशन आहे, कॅटलॉगिंग आहे, आयसीटी (कॉम्प्युटर-इंटरनेटचं तंत्र), मॅनेजमेंट, बिब्लिओमेट्रिक्स (लेख आणि संदर्भ यांची मोजदाद) सगळं आहे, पण माणूस पुस्तक घरी नेऊन त्याचं करतो काय यावर धड एक पेपर नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आपण ते परीक्षेत घोकून लिहितो आणि वाचकाचा अभ्यास मात्र शून्य. माझं मत, रीडिंग रिसर्च कंपल्सरी करा, ऑप्शनल ठेवला की कोणी घेत नाही.

मार्क_रेकॉर्ड: ऐकायला छान आहे हो, क्रेडिट कुठून आणणार? डोक्यात वाचन कसं होतं ते सायकॉलॉजीवाले बघतात, मुलांना वाचायला कसं शिकवायचं ते एज्युकेशनवाले, अर्थ कसा लागतो ते साहित्यवाले. तिथे आपण चौथे कशाला घुसायचं? आपलं काम मजकूर सापडेल असा ठेवणं. नोकरीच्या जाहिरातीत पण मेटाडेटा (पुस्तकाबद्दलच्या नोंदी) आणि रिपॉझिटरी (डिजिटल साठा) हेच मागतात.

पानखूण: घुसायचं कसलं, आपण तिथे होतोच! शिकागो विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट लायब्ररी स्कूलमध्ये डग्लस वेपल्स १९३० च्या सुमारास हेच करत होते. त्यांना दिसलं की लोकांना ज्या विषयात रस आहे आणि ते खरंच जे वाचतात त्याचा मेळ फारसा बसत नाही, हाताशी काय आहे यावर बरंच ठरतं. आता हाताशी काय ठेवायचं हे कोण ठरवतं, सायकॉलॉजीवाले?

वाळवी: रीडिंग रिसर्च नाही असं कोण म्हणतं? डेझर्टेशनचे गठ्ठे बघा ना, "अमुक कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या वाचनसवयी", रोज किती तास वाचता, वाचायला आवडतं का हो/नाही, शेवटी पाय चार्ट. लायब्ररियनने लायब्ररीत फॉर्म हातात दिल्यावर "नाही आवडत" कोण लिहिणार? कंपल्सरी करा, गठ्ठे डबल होतील 😄

मार्क_रेकॉर्ड: वाळवी +१

काउंटरवरची: मी रोज देवघेव बघते त्यामुळे जरा लांबण लागेल. एक बाई कोर्टातल्या खटल्याची कादंबरी परत करत म्हणाल्या, अशीच दुसरी द्या. कॅटलॉगमध्ये विषय वकील, खून, न्यायालय, म्हणून कोर्टातलीच दिली, ती दोन दिवसांत परत. बोलल्यावर कळलं की कोर्टाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, त्यांना छोटी प्रकरणं आणि भराभर पुढे सरकणारी गोष्ट हवी होती. गती, पात्रं, कथानक, वातावरण, वाचक या अंगाने निवडतात हे अमेरिकन लायब्ररियन जॉयस सॅरिक्स यांनी कधीच मांडलंय, लायब्ररी सायन्सच्या कॅनडातल्या प्राध्यापक कॅथरिन शेल्ड्रिक रॉस यांनी वाचकांच्या घेतलेल्या मुलाखतींमध्ये तर मनाची अवस्था बघून पुस्तक निवडणारे वाचक भेटतात. कोर्समध्ये मला यातलं एक अक्षर शिकवलं नाही.

मार्क_रेकॉर्ड: हे कौशल्य झालं, वर्कशॉप घ्या. आणि गती मेटाडेटात टाकता येते, म्हणजे आली माझ्याच पेपरात.

पानखूण: टाकणार कोण आणि कशाच्या जोरावर? बरं कथा-कादंबऱ्या सोडा. २०१८ चं मेटा-अ‍ॅनालिसिस आहे, म्हणजे आधीच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून केलेलं, ५४ अभ्यास, १.७ लाखांवर वाचक, माहितीपर मजकूर स्क्रीनपेक्षा कागदावर जास्त समजतो आणि वेळेचं बंधन असलं की फरक वाढतो, निव्वळ कथेत तसा फरक दिसला नाही. म्हणजे टेक्स्टबुकं फक्त ई-कॉपीत घ्यायची की नाही या निर्णयाशी याचा थेट संबंध आहे, आणि आपण तो बजेट बघून घेतो.

मार्क_रेकॉर्ड: तो अभ्यास केला कोणी? सायकॉलॉजी-एज्युकेशनवाल्यांनीच ना! मग वाचा, वापरा, स्वतः करायला जाऊ नका.

वाळवी: वापरायला आधी तो कळला तर पाहिजे. त्यातला फरक लहान आहे, पण इफेक्ट साइज (फरक किती मोठा ते सांगणारा आकडा) काय असतो हेच माहीत नसलं की लोक थेट "स्क्रीन वाईट" म्हणून पोस्टर लावतात. म्हणून पेपर असलाच तर अर्ध्यात दुसऱ्यांचा रिसर्च वाचायला शिकवा, अर्ध्यात दोन-तीन वाचकांच्या लांब मुलाखती, शब्दन् शब्द उतरवून. पाय चार्टवर बंदी.

मार्क_रेकॉर्ड: बिब्लिओमेट्रिक्समधलं एक युनिट काढून देतो, घ्या. कॅटलॉगिंगला हात लावलात तर मात्र भांडेन.

पानखूण: एका युनिटात भागणार नाही, मुलाखत उतरवून काढण्यातच तेवढे तास जातात. अख्खा पेपर.